खाशाबांच्या गोष्टीतली कुस्ती

शेवगाव परिसरातल्या यात्रांतून आजही कुस्त्यांचा हगामा भरतो. रेवड्यांवरच्या पोरासोरांच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत जाणत्या बघ्यांचे लक्ष एकाच गोष्टीकडे असते : डाव कोणता पडला. चरित्र हा वाङ्मयप्रकार शिकवताना आम्हांला हा हगामा हटकून आठवतो, आणि त्यामागोमाग खाशाबा दादासाहेब जाधव. त्यांची गोष्ट वर्गात बहुतेकांना ठाऊक असते. फक्त तिच्यात कुस्ती नसते.

ती गोष्ट अशी. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी १५ जानेवारी १९२६ रोजी जन्म. हेलसिंकीला जाण्यासाठी लोकवर्गणी. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून उभे केलेले सात हजार रुपये. १९५२ चे कांस्यपदक. परतल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक. आणि पुढे उपेक्षा. यातले काही नाकारण्याचे कारण नाही. पण ही कथा देणाऱ्यांची आणि विसरणाऱ्यांची झाली. मल्ल तिच्यात निमित्तमात्र उरला.

वास्तविक खाशाबांचे कर्तृत्व आहे ते मातीतून मॅटवर जाण्यात. मातीत पाठ लागेपर्यंत कुस्ती चालते. मॅटवर घड्याळ आणि पंचांचे गुण असतात. १९४८ साली लंडनला, या परक्या रीतीचा सराव फारसा नसताना, त्यांनी फ्लायवेट गटात सहावा क्रमांक मिळवला. चार वर्षांनी वरच्या बँटमवेट गटात उतरून त्यांनी कॅनडाचा पोलिकँ, मेक्सिकोचा बासुर्तो आणि जर्मनीचा श्मिट्झ यांना हरवले. सोव्हिएत संघाचा मामेदबेकोव आणि जपानचा शोहाची इशी यांच्याकडून मात्र ते हरले. दोन कुस्त्यांमध्ये नियमाप्रमाणे विश्रांती मिळाली नाही, आणि तक्रार करायला भारतीय अधिकारी जवळ नव्हता, असे सांगतात. तसे असेलही. परंतु या तक्रारीत इशी दिसेनासा होतो, हे आम्हांला खटकते. महायुद्धानंतर जपानला ऑलिंपिकमध्ये मिळालेले पहिले सुवर्ण त्याचे होते. खाशाबा कोणाशी भिडले हे कळल्याखेरीज त्यांच्या कांस्याचे वजन कसे कळावे?

पुढचे आयुष्य थोडक्यात सांगता येते. १९५५ साली पोलिस खात्यात उपनिरीक्षक, तिथेच निवृत्ती, १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात मृत्यू. अर्जुन पुरस्कार आला तो मरणोत्तर, दीड दशक उलटल्यावर. स्वतंत्र भारताला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला १९९६ साल आणि लिअँडर पेस यावे लागले. आता महाराष्ट्रात १५ जानेवारी राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. भाषणांत पुन्हा तेच गहाण पडलेले घर.

ढाक हा खाशाबांचा हुकमी डाव मानला जाई. गेल्या वर्षी आम्ही विद्यार्थ्यांना त्या डावाचे वर्णन लिहायला सांगितले. बहुतेकांनी पदकावर लिहिले. एकाने, ज्याच्या घरी तालमीची परंपरा आहे, मान कशी धरतात, कंबर कुठे घालतात आणि वजन कोणत्या पायावर टाकतात, एवढेच दीड पान लिहिले. खाशाबांचे नाव त्यात एकदाही नव्हते. तो निबंध आम्ही वर्गात वाचून दाखवला.