मुरूडचा बहिष्कार

* वाळीत टाकले : शारदा सदन या शाळेत शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली पुनर्विवाह केला, त्यावरून त्यांच्या मुरूड गावच्या लोकांनी घातलेला हा बहिष्कार. विधवाविवाह कायदेशीर होऊन तेव्हा ३७ वर्षे उलटली होती; तरी ब्राह्मण समाजाच्या लेखी तो अधर्मच होता. त्याच काळात महाराष्ट्रातल्या इतर अनेक जातींत विधवेचा पाट रीतसर लागे. तो बहुधा रात्री, मोजक्या विधींनी होई, पण त्यात कोणी पाप मानत नसे. वाळीत पडलेल्या त्याच कर्व्यांना पुढे १९५८ साली भारतरत्न मिळाले. नीतीच्या कल्पना आपोआप बदलत नाहीत. त्यांच्यापायी बहिष्कार सोसणारी माणसे त्या बदलतात, हे पुढील प्रकरण वाचताना ध्यानात ठेवावे. – संपा.