हजेरी आणि शिरगणती

उज्जैनच्या टावर चौकात संध्याकाळी घड्याळाच्या मनोऱ्याभोवती किती गर्दी असते, ते इथं राहणाऱ्या बायकांना सांगायला नको. अशा कुठल्याही चौकात तपासणी लागली की पिशव्या घेऊन निघालेल्या आपल्याला सहसा कोणी अडवत नाही. फुगे विकणारीला मात्र विचारतात, "कार्ड दाखव. कुठली तू?" हा प्रश्न फार जुना आहे.

१८७१ साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सरकारनं नुसतं जाहीर करायचं, की अख्खी जमात गुन्हेगार! नावं पोलिसांच्या वहीत चढायची. ठरलेल्या वेळी हजेरी. गाव सोडायचं तर पास, पासाशिवाय सापडलं तर अटक. १९११ च्या कायद्यानं बोटांचे ठसे आले आणि मुलांना आईबापांपासून वेगळं ठेवण्याची सोयही त्यात होती. सोलापूरला तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. तिथली माणसं दिवसभर गिरणीत राबायची आणि हजेरीला परत कुंपणात यायची.

ज्याचं कर्म त्यालाच, हे आपण जैन घरात लहानपणापासून ऐकतो. बापाचं कर्म लेकराला चिकटत नाही. हा कायदा तर पाळण्यातल्या बाळालाही चिकटला.

३१ ऑगस्ट १९५२ ला तो रद्द झाला. हे लोक 'विमुक्त' झाले. पण राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि संशय पुन्हा त्यांच्याच पालावर जाऊन बसला.

गंमत बघा, किंवा दुःख म्हणा. ज्यांचा एकेक ठसा सरकारनं जपून ठेवला, ते आज नेमके किती आहेत, याचा पक्का आकडा नाही. जनगणनेतून सगळ्या जातींचे आकडे १९३१ नंतर जाहीर झालेच नाहीत. बाळकृष्ण रेणके आयोगाचा अहवाल २००८ साली आला, त्यातही नुसता अंदाजच. आकडा नाही, तर योजना तरी नीट कशी आखायची, शाळेच्या जागा तरी कशा ठरवायच्या?

आपल्याला आकड्याची किंमत ठाऊक आहे. धर्माच्या रकान्यात 'जैन' असंच लिहा, असं दर जनगणनेला संघातून बजावतात ना? २०११ ला आपण साडेचव्वेचाळीस लाख भरलो. आता २०२७ च्या जनगणनेत जातही विचारणार आहेत. मोजणारा आपल्या दारी तर येईलच. पण फुगेवालीच्या पालावर तो पोचला का, एवढं तरी आपण विचारूया. चौकात तिचं कार्ड मागणारे पुष्कळ आहेत. तिला माणसांत मोजणारा कोणी हवा.