मुकातबा ते स्वयम : दुरून घेतलेल्या शिक्षणाची पत

शिक्षक समोर नसताना मिळवलेले ज्ञान खरे मानायचे का, हा प्रश्न ऑनलाइन शिक्षणामुळे उभा राहिला असे आपण समजतो. मुस्लीम विद्वानांनी तो आठशे वर्षांपूर्वीच हाताळला होता.

दमास्कसच्या अशरफिया दारुल-हदीसमध्ये शिकवणारे इब्न अल-सलाह (निधन १२४५) यांनी हदीस मिळवण्याचे आठ मार्ग नोंदवले आहेत. पहिला 'समाअ', म्हणजे शिक्षकाच्या तोंडून ऐकणे. दुसरा 'किरात', म्हणजे शिष्याने शिक्षकासमोर वाचून दाखवणे. पाचवा 'मुकातबा', म्हणजे शिक्षकाने लिहून पाठवणे. शेवटचा 'विजादा', म्हणजे कुणाचे तरी लिखाण हाती लागले आणि त्यातून घेतले. दुरून शिकणे त्यांनी नाकारले नाही. अट एकच होती, ज्ञान कोणत्या वाटेने आले ते सांगायचे. कागदावर सापडलेले 'मी ऐकले' म्हणून सांगणे ही लबाडी ठरे. त्या काळच्या हस्तलिखितांवर हजेरीच्या नोंदी सापडतात. त्यांत स्त्रियांची आणि मुलांचीही नावे आहेत. कुणाचा किती भाग चुकला, हेसुद्धा लिहिलेले आढळते.

आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला. तो एका अर्थी मुकातबाच. १९८५ मध्ये इग्नू आले, १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. १९९८ मध्ये हैदराबादला सुरू झालेल्या मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठाच्या कायद्यातच दूरशिक्षण आणि स्त्रीशिक्षण या दोन्हींचा उल्लेख आहे. कॉलेज लांब, घरची परवानगी नाही, लग्न लवकर झालेले, अशा आपल्या कितीतरी मुलींना पदवीची हीच वाट होती. तरीही 'मुक्तची डिग्री' हे शब्द लोक नाक मुरडूनच उच्चारत.

मग पडदा आला. २००३ पासून आयआयटींच्या एनपीटेलची व्याख्याने, २०१७ मध्ये सरकारचे 'स्वयम'. २०२१ च्या नियमांनुसार विद्यापीठाला ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक त्यातून देता येतात. मधल्या काळात, मार्च २०२० मध्ये, सगळेच वर्ग एका रात्रीत मोबाइलवर गेले. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत इंटरनेटची सोय असलेली कुटुंबे शहरांत सुमारे ४२ टक्के होती, खेड्यांत जेमतेम १५.

त्या वर्षी मी ऑनलाइन तास घेत होतो. बी.ए.ची एक विद्यार्थिनी तासाला कधीच नसे. मी गैरहजेरी लावत गेलो, मनात 'आळशी' असा शिक्काही मारला. परीक्षेत तिचा पेपर वर्गात सर्वांत चांगला निघाला. विचारल्यावर म्हणाली, "सर, दिवसा मोबाइल भाऊजानकडे असतो. रात्री सगळे झोपले की मी रेकॉर्डिंग ऐकते, दोनदा." उलट रोज हजर दिसणाऱ्या काहींनी नुसते लॉगिन करून फोन उशाशी ठेवलेला असे. दमास्कसच्या नोंदवहीपेक्षा माझे हजेरीपत्रक जास्त खोटे होते.

तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना विचारत आलो आहे. ते रेकॉर्डिंग दीडपट वेगाने पाहतात, हवा तेवढाच भाग घेतात, न समजलेले यूट्यूबवर दुसऱ्या कुणाकडून समजून घेतात. ही विजादाचीच रीत आहे आणि त्यात वाईट काही नाही. प्रमाणपत्र नोकरीच्या अर्जाला जोडायला हवे, हेही ते मोकळेपणाने सांगतात. तक्रार मात्र वेगळीच असते : "आम्हाला काय कळलं, हे कुणी विचारतच नाही."

म्हणजे समाअ ध्वनिमुद्रित झाला, मुकातबा क्षणात पोहोचू लागला, विजादा तर अफाट वाढला. हरवली ती किरात. म्हणून मी आता तासाला न येऊ शकणाऱ्या प्रत्येकाला आठवड्यातून एकदा, त्याच्या सोयीच्या वेळी, फोनवर पाच मिनिटे धडा समजावून सांगायला लावतो. साधा फोन असला तरी चालतो. हजेरी मी त्यावरून लावतो.