'च'ची कुळकथा

अंधेरी स्टेशनाबाहेर फळवाला गिऱ्हाइकाला सांगत असतो, "मैं तो इधरिच खडा था." ऐकणारा मराठी माणूस हसतो, ही कसली हिंदी म्हणून नाक मुरडतो आणि स्वतः हिंदीतच भाव विचारतो. हसण्याआधी त्याने त्या शेवटच्या 'च'कडे नीट पाहावे. ते अक्षर त्याच्या घरचे आहे.

संस्कृतात 'च' आणि 'एव' मिळून 'चैव' होतो. प्राकृतात त्याचे 'च्चेअ', 'च्चिअ' असे अवतार झाले. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या 'गाथासप्तशती'त ते जागोजाग भेटतात. 12व्या शतकात हेमचंद्राने गुजरातेत प्राकृताचे व्याकरण रचले, तेव्हा निश्चय दाखविणाऱ्या अव्ययांत त्याने नुसता 'च्च'ही नोंदला. पुढे जोडाक्षराचा भार गेला आणि मराठीच्या वाट्याला 'च' उरला.

व्याकरणात याला शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणतात. 'घरापुढे' म्हणताना घराचे सामान्यरूप होते. 'घरच' म्हणताना घराला धक्काही लागत नाही. विभक्तीलाही हा आधी वाट देतो आणि मग मागे उभा राहतो: 'रामालाच'. मात्र उभा राहील तिथे वाक्याचा तोल फिरवतो. 'मीच गेलो' आणि 'मी गेलोच' यांत किती अंतर! उंबरठ्याबाहेर पडणारा माणूस 'आलोच' म्हणतो, तेव्हा क्रियापद भूतकाळाचे असते, माणूस अजून गेलेलाही नसतो. परतण्याची हमी तेवढी त्या एका अक्षरात असते.

1327 मध्ये महंमद तुघलकाने देवगिरीला राजधानी केली. उत्तरेची बोली दक्षिणेत रुजली, दखनी झाली आणि मराठीच्या शेजारात तिने हा 'च' उचलला. हैदराबादेत तो आजही ऐकू येतो. मुंबईच्या हिंदीतही तो असाच शेजारधर्माने शिरला. उच्चार तेवढा पालटला: आपल्या 'मीच'मध्ये 'चाका'तला च आहे, फळवाल्याच्या 'इधरिच'मध्ये 'चहा'तला.

मुलांच्या निबंधांतले जादा 'च' मी वर्षानुवर्षे तांबड्या शाईने खोडत आलो आहे. या 'इधरिच'वर मात्र हात उचलत नाही. ज्या उपनगरांत आम्ही फळवाल्याशी मराठी बोलायला संकोचतो, तिथे तो बापडा नकळत आमचे अक्षर दिवसभर जपत असतो. निदान भाव तरी मराठीतच विचारावा.