पिवळं वेटोळं: डिझेल गाडी आधी थांबायला का लावते?

आजचा भाग एका दिव्याबद्दल आहे. डिझेल गाडीची चावी अर्धी फिरवली की डॅशबोर्डवर स्प्रिंगसारखं एक पिवळं वेटोळं पेटतं. ते विझेपर्यंत थांबायचं, मग सेल मारायचा. जुने ड्रायव्हर त्याला ‘हीटर’ म्हणतात, पुस्तकातलं नाव ग्लो प्लग. मी बीटेक करून आता कोड लिहितो, गॅरेज चालवत नाही. त्यामुळे माझा प्रश्न अगदी साधा होता. डिझेल इंजिनला स्पार्क प्लग लागत नाही, हीच तर त्याची खासियत. मग हा हीटर आला कुठून?

त्यासाठी १८९२ मध्ये जाऊ. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने त्या वर्षी पेटंटसाठी अर्ज केला. कल्पना अशी, की हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापेल आणि मग तिच्यात इंधन सोडायचं. ठिणगी नको, ज्योत नको. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम लागतं ना? तेच तत्त्व, फक्त खूप मोठ्या प्रमाणावर. १८९७ मध्ये ऑग्सबर्गच्या कारखान्यात त्याच्या इंजिनाने साधारण २६ टक्के कार्यक्षमता दाखवली. वाफेच्या इंजिनांच्या त्या जमान्यात ही मोठीच झेप होती.

पण एक अडचण होती. सिलिंडरमधल्या दाबलेल्या हवेत इंधन घुसवायचं तर त्याहूनही जास्त दाबाची हवा लागायची आणि त्यासाठी इंजिनाला वेगळा कॉम्प्रेसर जोडावा लागायचा. कारखान्यात किंवा जहाजावर हे चालून जातं. मोटारीच्या बॉनेटखाली हे धूड ठेवणार कुठे?

तिकडे इंग्लंडमध्ये हर्बर्ट अॅक्रॉइड स्टुअर्टने १८९० मध्येच दुसऱ्या वाटेने जाणाऱ्या इंजिनाचं पेटंट घेतलं होतं. त्याच्या इंजिनाला एक लोखंडी गोळा असायचा. आधी काही मिनिटं ब्लो लॅम्पने तो तापवायचा, मग इंजिन फिरवायचं. जर्मनीत १९२१ मध्ये आलेला लान्झ बुलडॉग ट्रॅक्टरही असाच सुरू व्हायचा. शेतकऱ्याचा दिवस ब्लो लॅम्प पेटवून सुरू! म्हणजे इंजिन सुरू करायला बाहेरून उष्णता देणं ही युक्ती डिझेलच्या इंजिनाइतकीच जुनी आहे.

आता गोष्टीतलं खरं वळण. १९०९ मध्ये बेन्झ कंपनीतल्या प्रॉस्पर लोरांज याने प्रीचेंबरचं पेटंट घेतलं. सिलिंडरच्या डोक्यावर एक छोटी खोली. इंधन आधी त्या खोलीत फवारायचं. तिथे ते पेटतं आणि जोराने खाली सिलिंडरमध्ये उसळून हवेत मिसळतं. कॉम्प्रेसर गेला, इंजिन लहान आणि तुलनेने शांत झालं. मोटारीत डिझेल बसवायची वाट मोकळी झाली.

फुकट मात्र काहीच मिळत नाही. चहा बशीत ओतला की लवकर निवतो, कारण पसारा वाढतो. इथेही तसंच. छोट्या खोलीत हवा थोडी, पण तिला चिकटलेल्या भिंती जास्त. इंजिन गार असेल तर दाबून तापवलेल्या हवेची उष्णता त्या भिंतीच पिऊन टाकतात आणि इंधन पेटतच नाही. उपाय काय? त्या खोलीत विजेवर तापणारी एक तार बसवा. हाच तो ग्लो प्लग. आमच्या भाषेत सांगायचं तर एका फीचरने बग आणला आणि त्यावर हा पॅच मारला.

१९३६ मध्ये बर्लिनच्या मोटार प्रदर्शनात मर्सिडीज-बेन्झने २६० डी ही गाडी आणली. २.६ लिटर, ४५ हॉर्सपॉवर, प्रीचेंबरचं इंजिन. १९४० पर्यंत जवळपास २,००० गाड्या बनल्या, बऱ्याचशा टॅक्सी म्हणून धावल्या. सकाळी आधी प्लग तापू द्यायचे, मग गाडी सुरू. जर्मन लोकांनी या थांबण्याला पुढे एक खवचट नाव दिलं, ‘रुडॉल्फ डिझेल स्मृती मिनिट’. श्रद्धांजली वाहायला आपण स्तब्ध उभे राहतो ना, तसं!

त्या जुन्या प्लगांची आणखी एक गंमत. ते दिवाळीच्या जुन्या लाइटच्या माळेसारखे एकामागोमाग जोडलेले असायचे. एक जळाला की सगळे थंड. पुढे पेन्सिलसारखे प्लग आले आणि प्रत्येकाला वेगळं कनेक्शन मिळालं. एक गेला तरी बाकीचे काम करत राहिले. थांबणंही मिनिटावरून काही सेकंदांवर आलं.

आपल्याकडे काय होतं? पुण्याजवळ खडकीला १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. विहिरीवरचं ते संथ इंजिन तुमच्या आजोबांनी नक्की पाहिलं असेल. त्यात इंधन थेट सिलिंडरमध्ये जायचं, म्हणून हीटरची गरज नव्हती. एक खटका उचलून दाब सोडायचा, हँडल मारून वेग घ्यायचा, खटका पाडायचा, की धडधड सुरू. १९८० च्या आसपास अँबेसेडर डिझेल आली आणि १९९८ मध्ये पुण्याच्या टाटांची इंडिका. या गाड्यांमध्ये ती छोटी खोली होती, म्हणून हीटरही होता. कित्येक घरांतली पहिली डिझेल कार म्हणजे ही इंडिकाच.

१९९७ पासून कॉमन रेल इंजिनं आली. इंधन प्रचंड दाबाने थेट सिलिंडरमध्ये जाऊ लागलं आणि ती छोटी खोली गेली. मग पॅचही जायला हवा होता ना? पण तो राहिला, कारण त्याचं काम बदललं. आजचा प्लग दोन-चार सेकंदांत १,००० अंशांच्या आसपास जातो आणि इंजिन सुरू झाल्यावरही काही काळ तापलेला राहतो. गार इंजिनात अर्धवट जळलेलं डिझेल पांढरा धूर बनून बाहेर पडतं. तो धूर कमी करायला हा प्लग लागतो.

म्हणूनच एक सल्ला मला खटकतो. ‘आपल्याकडे कुठे एवढी थंडी, एक प्लग गेला तरी गाडी सुरू होते, राहू द्या.’ गाडी सुरू होते हे खरंच आहे. मे महिन्यात मुंबईत तर काही जाणवणारही नाही. पण जानेवारीच्या पहाटे नाशिकला त्या सिलिंडरमधलं न जळलेलं डिझेल जातं कुठे? मागे बाइकवर बसलेल्या माणसाच्या छातीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला. तेव्हा प्लगचा खर्च टाळला तर तो खर्च संपत नाही, दुसऱ्याच्या खात्यावर जातो.

एप्रिल २०२० पासून मारुतीने डिझेल कार बनवणं थांबवलं. हे वेटोळं आता आपल्या डॅशबोर्डवरून हळूहळू नाहीसं होणार. तोवर ते पेटलं, की दोन सेकंद थांबा. आणि घरात कुणी जुने ड्रायव्हर असतील, तर त्यांना हीटरबद्दल विचारा आणि त्यांचं उत्तर व्हॉइस नोट करून आम्हाला पाठवा. भेटू पुढच्या भागात!