नुंगंबाक्कममधील नवागतांची मंडळे

बदलीचा हुकूम हातात पडला की नोकरदार माणूस आधी घरभाडे आणि मुलांची शाळा यांची चौकशी करतो, आणि त्यानंतर, बहुधा पहिल्याच रविवारी, आपल्या भाषेची माणसे कोठे भेटतात याची. हा क्रम सर्वत्र सारखाच. कलकत्ता असो, दिल्ली असो वा मद्रास, चार मराठी बिऱ्हाडे जमली की मंडळ निघते. मंडळ निघाले की गणेशोत्सव, कोजागरी, एखादे व्याख्यान आणि वर्षातून एकदा सहल हे ओघानेच येते. आम्हां परप्रांतस्थ सरकारी नोकरांच्या आयुष्यात या सहलींना व व्याख्यानांना किती स्थान आहे हे सांगावयास नको. परंतु नवागतांनी एकत्र जमून व्याख्याने करावी, सहली काढाव्या, ही कल्पना आमची नव्हे. ज्या नुंगंबाक्कम भागात आज केंद्र सरकारच्या इतक्या कचेऱ्या आहेत, त्याच भागात ती दोनशे वर्षांपूर्वी रुजली होती. त्या जुन्या नवागतांचे पुढे काय झाले याचा विचार आमच्या मंडळांच्या दृष्टीनेही उपयुक्त ठरेल असे वाटते.

नुंगंबाक्कम हे मूळचे एक खेडे. 1708 साली कर्नाटकच्या मोगल अंमलदाराने, दाऊदखानाने, जी पाच गावे ईस्ट इंडिया कंपनीस दिली त्यांपैकी ते एक. कूवम नदी जवळून वाहत असे व गावाला मोठा तलाव होता. किल्ल्यातील उकाड्यास व गर्दीस कंटाळलेल्या कंपनीच्या अधिकाऱ्यांनी पुढे या बाजूस बागबंगले बांधले. 1792 साली मायकेल टॉपिंग याच्या देखरेखीखाली येथे वेधशाळा उभी राहिली. तिच्यातील दगडी स्तंभावर लॅटिनबरोबर या देशातील भाषांतही लेख कोरविला होता. आशियात गणितशास्त्रे आपल्या औदार्याने रुजली, हे हजार वर्षांनंतरच्या लोकांस कळावे असा त्यातील आशय. औदार्याची ही भाषा आज हास्यास्पद वाटेल, परंतु वेधशाळेचे काम खरे होते. येथेच नॉर्मन पॉग्सन याच्या हाताखाली काम करणाऱ्या चिंतामणी रघुनाथाचारी यांनी 1867 साली एका रूपविकारी ताऱ्याचा शोध लावला. 1899 साली खगोलाचे मुख्य कार्य कोडाईकनालास गेले. आवारात हवामानखाते राहिले आणि ते आजही तेथेच आहे.

ज्या रस्त्यावर ही वेधशाळा आहे त्याचे नाव कॉलेज रोड. त्या नावात दुसरी एक हकीकत दडलेली आहे. 1812 साली मद्रास सरकारने फोर्ट सेंट जॉर्ज कॉलेज स्थापन केले. त्याचे विद्यार्थी म्हणजे विलायतेहून नुकतेच उतरलेले, विशीतील, कंपनीच्या मुलकी नोकरीतील तरुण. जिल्ह्यावर जाण्यापूर्वी त्यांनी या प्रांताच्या भाषा शिकाव्या, परीक्षा द्याव्या, आणि जो चांगला उतरेल त्यास भत्ता वाढवून मिळावा, अशी योजना होती. आमच्या परिभाषेत बोलावयाचे तर ही खात्याची परीक्षाच होय! तमिळ न येणाऱ्या कलेक्टरास रयतेची फिर्याद दुभाष्याच्या तोंडून ऐकावी लागते आणि दुभाषी म्हणेल तेच सत्य ठरते, हा अनुभव सरकारला आला होता. तेव्हा या कॉलेजच्या मुळाशी विद्याप्रेमापेक्षा राज्यकारभाराची गरज होती, हे विसरून चालणार नाही.

तथापि गरजेतून निघालेल्या या संस्थेने एक अनपेक्षित फळ दिले. तिचा मुख्य आधार होता फ्रान्सिस व्हाईट एलिस. हा 1796 साली मद्रासेत आला, 1810 साली मद्रासचा कलेक्टर झाला आणि 1819 साली रामनाड येथे वारला. दक्षिणेच्या भाषा संस्कृतातून निघाल्या, असे त्या काळी कलकत्त्याचे पंडित व पाद्री सांगत असत. एलिसने 1816 साली कॅम्पबेलच्या तेलुगू व्याकरणास जोडलेल्या टिपणात दाखवून दिले की तमिळ, तेलुगू, कन्नड, मलयाळम यांचे धातू व रचना एका निराळ्या कुळातील असून संस्कृत शब्द त्यांत मागाहून मिसळले. बिशप कॉल्डवेलचा ज्या सिद्धांतामुळे लौकिक झाला तो ग्रंथ 1856 चा. म्हणजे एलिस चाळीस वर्षे आधीचा. हा शोध त्यास लागला कसा? कॉलेजचे तेलुगू व संस्कृतचे मुख्य पंडित पट्टाभिराम शास्त्री आणि एलिसचा शिरस्तेदार शंकरय्या यांच्यासारख्या विद्वानांबरोबर तो वर्षानुवर्षे बसला म्हणून. व्याकरणकारांची जुनी परंपरा त्यांच्यापाशी होती, प्रश्न विचारण्याची नवी रीत त्याच्यापाशी होती. 1818 साली मद्रासेत पाण्याचे दुर्भिक्ष पडले, तेव्हा एलिसने विहिरी खोदविल्या, आणि त्या संबंधीच्या तमिळ शिलालेखात तिरुक्कुरळचे वचन घातले. परक्या देशात आलेल्या अंमलदाराने स्थानिक कवीचे वचन स्वतःच्या कामाच्या दगडावर कोरवावे, ही गोष्ट लहान नव्हे.

त्याच 1812 साली, त्याच वर्गातील लोकांनी मद्रास लिटररी सोसायटी काढली. सर जॉन न्यूबोल्ट हे न्यायाधीश तिचे पहिले अध्यक्ष आणि बेंजामिन गाय बॅबिंग्टन हा तरुण मुलकी नोकर तिचा चिटणीस. ग्रंथ जमवावे, निबंध वाचावे, चर्चा करावी, एवढाच आरंभीचा उद्देश. 1830 साली ती लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीशी जोडली गेली आणि काही वर्षांत तिचे स्वतःचे नियतकालिक निघू लागले.

येथे सहलींचा प्रश्न येतो. मद्रासहून दक्षिणेस समुद्रकाठाने गेले की महाबलीपुरम् लागते. तेथील रथ व गुंफा पाहण्यास युरोपीय मंडळी पूर्वीपासून जात. खलाशी त्या देवळांस सात पॅगोडे म्हणत. बहुतेक जण पाहत, फराळ करीत आणि परत येत. बॅबिंग्टनने मात्र तेथील लेखांचा पिच्छा पुरविला. तमिळ व संस्कृत या दोन्ही भाषांचा त्याने अभ्यास केला होता. त्या आधारे त्याने पल्लव लिपीची अक्षरे लावली, त्यांचे तक्ते केले आणि 1830 साली त्याचा निबंध रॉयल एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत छापला गेला. प्रकृतीमुळे तो आधीच विलायतेस परतला होता व तेथे वैद्य म्हणून नावाजला. परंतु मद्रासच्या सहलीचे फळ त्याच्यापाशी राहिले होते. सहल आणि व्याख्यान यांचा संबंध कसा असावा याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

सोसायटीच्या कार्याचे आणखी एक स्मारक सर्वांच्या परिचयाचे आहे. तिच्याकडे जमलेले भूगर्भशास्त्राचे सुमारे 1100 नमुने तिने सरकारच्या स्वाधीन केले आणि त्यांतून 1851 साली मद्रासचे वस्तुसंग्रहालय निघाले. डॉ. एडवर्ड बालफोर हा त्याचा पहिला प्रमुख. संग्रहालय प्रथम कॉलेजच्याच इमारतीत होते; 1854 साली ते एगमोरला गेले. मुलांना घेऊन जे एगमोरचे संग्रहालय पाहावयास जातात त्यांनी हे ध्यानात ठेवावे की त्याचा जन्म नुंगंबाक्कममध्ये, परक्या नोकरदारांच्या एका मंडळाच्या कपाटांतून झाला.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू सांगितल्याविना इतिहास पुरा होत नाही. कर्नल कॉलिन मॅकेन्झी याने दक्षिणेतील हस्तलिखिते, कैफियती व शिलालेख यांचा जो अफाट संग्रह केला, तो त्याच्या देशी सहाय्यकांच्या बळावर. त्यांत काव्वली बंधू अग्रगण्य. थोरला बोरय्या 1803 साली वारला; नंतर लक्ष्मय्याने काम वाहिले. 1821 साली मॅकेन्झी मेला आणि संग्रह विस्कळीत झाला. तेव्हा लक्ष्मय्याने ते संशोधन पुढे चालविण्याची परवानगी मागितली. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने, जेम्स प्रिन्सेप चिटणीस असताना, तिला नकार दिला. एखाद्या देशी माणसास असले स्वतंत्र काम झेपेल, हेच त्यांना पटले नाही. काम पाद्री टेलर यांजकडे गेले. लक्ष्मय्या स्वस्थ बसला नाही. मद्रासेत त्याने हिंदूंची एक निराळी साहित्यसभा उभी केली. परंतु ज्यांच्या खांद्यावर बसून नवागतांनी हा देश पाहिला, त्यांना बरोबरीची खुर्ची द्यावयाची वेळ येताच हात आखडला, हे सत्य उरतेच.

हा संकोच पुढे वाढतच गेला. 1832 साली मद्रास क्लब निघाला. तेथे देशी लोकांस दीर्घकाळ मज्जाव होता. कॉलेजही 1854 साली मोडले व केवळ परीक्षामंडळ उरले. पंडितासमोर बसून शिकण्याची रीत गेली, पुस्तक घोकून परीक्षा देण्याची आली. आगगाडी, आगबोट व तारायंत्र यांमुळे विलायत जवळ आली तसतसा नवागतांचा मद्रासशी संबंध दुरावत गेला. 1873 साली युरोपीय व हिंदी यांनी एकत्र बसावे म्हणून कॉस्मॉपॉलिटन क्लब काढावा लागला. तसा क्लब मुद्दाम काढावा लागणे हीच साठ वर्षांत पडलेल्या अंतराची साक्ष आहे. नवागतांचे मंडळ एकाच वेळी खिडकीही होऊ शकते आणि भिंतही. एलिसच्या पिढीने बहुतांशी खिडकी उघडली. नातवंडांच्या पिढीने भिंत बांधली.

आता आमच्याच लोकांकडे वळू. तमिळ देशात मराठे आले ते प्रथम तलवार घेऊन. 1677 साली शिवाजी महाराजांनी जिंजी घेतली. याच मोहिमेत ते मद्रासच्या कालिकांबाळ देवळात दर्शनास आले, अशी स्थानिक परंपरा सांगते. राजाराम महाराजांनी जिंजीतूनच राज्य राखले, आणि 1698 साली तो किल्ला मोगलांकडे गेला. जिंजी चेन्नईपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर. 2025 साली युनेस्कोने मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून मान्य केले त्यांत महाराष्ट्राबाहेरचा हा एकच. येथील मराठी मंडळांच्या सहलींस ह्याहून योग्य स्थळ कोणते?

परंतु जिंजीहून तंजावरास गेल्याखेरीज ती सहल पुरी होत नाही. व्यंकोजीराजांच्या वंशजांनी तेथे 1855 पर्यंत राज्य केले. शहाजीराजांनी मराठीबरोबर तेलुगूतही नाटके रचली. 1803 साली सरफोजीराजांनी भोसले कुळाचा इतिहास बृहदीश्वराच्या भिंतीवर मराठीत कोरविला. म्हणजे आपली भाषा सोडली नाही, पण तिला जागा दिली ती चोळ राजाच्या देवळात. याच मातीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रामचंद्रबुवा मोरगावकरांचे कीर्तन झाले. ते ऐकून तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेची घडण केली. आजही त्या हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्ते तमिळ शब्दांनी भरून ऐकावयास मिळतात. आलेल्याने आपली चाल दिली, राहत्याने शब्द दिले.

मद्रास शहरातही असेच घडले. कुंभकोणम येथे जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झाले आणि अखेर मैलापुरात राहिले. त्यांचेच आप्त दिवाणबहादूर रघुनाथराव यांच्या मैलापुरातील घरी डिसेंबर 1884 मध्ये, अड्यारच्या थिऑसॉफिकल अधिवेशनानंतर, निरनिराळ्या प्रांतांतील सतरा गृहस्थ जमले व त्यांच्या विचारविनिमयातून पुढील वर्षी भरलेल्या राष्ट्रीय सभेची कल्पना आकारास आली, असे ॲनी बेझंट यांनी लिहून ठेवले आहे. मराठी वंशाच्या घरातील ती बैठक केवळ मराठ्यांची असती तर तिची आठवण कोणी ठेवली नसती.

आमच्या मंडळांस आम्ही दोष देत नाही. परमुलखात आजारपणात धावून येणारी, मुलांच्या कानांवर मराठी शब्द पाडणारी संस्था म्हणून त्यांची योग्यता मोठी आहे. कोजागरीचे दूध कोणी सोडावे असे आमचे म्हणणे नाही. पण दहा वर्षे शास्त्री भवनात वा आयकर भवनात काढून बदली होऊन जाणारे अनेक सहकारी बसवरील तमिळ पाटी न वाचताच जातात. टपाल वा आयकर खात्याच्या खिडकीशी आलेला म्हातारा काय म्हणतो हे शेजारच्या टेबलावरील तमिळ कारकुनाकडून समजून घेतात. 1812 साली जी अडचण सरकारला बोचली तीच ही. फरक इतकाच की आज आमच्यावर परीक्षेची सक्ती नाही.

तेव्हा मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात दोनच गोष्टी असाव्या अशी आमची सूचना आहे. व्याख्यानमालेतील निदान एक व्याख्यान येथील तमिळ अभ्यासकाचे असावे व त्या दिवशी शेजारच्या तमिळ कुटुंबांस आमंत्रण असावे. दुसरे, रविवारी सकाळी तासभर तमिळ अक्षरांचा वर्ग भरवावा; अक्षरे थोडी आहेत, महिन्या-दोन महिन्यांत पाट्या वाचता येतील. नुंगंबाक्कमचा तलाव बुजवून त्या जागी 1976 साली वळ्ळुवर कोट्टम उभे राहिले आणि तेथे तिरुक्कुरळचे सर्व 1330 कुरळ कोरले आहेत. आमच्या कचेऱ्यांपासून ते फार दूर नाही. वर्गाची पहिली सहल तेथेच काढावी, आणि जो सभासद एक कुरळ स्वतः वाचून दाखवील त्यास मंडळाने एखादे पुस्तक बक्षीस द्यावे.