देकार्तचा संशय आणि एलिझाबेथचे प्रश्न

आधुनिक पाश्चात्य तत्त्वज्ञानाचा आरंभ रने देकार्तपासून (१५९६–१६५०) मानण्याचा प्रघात आहे. साहित्याच्या अभ्यासकांची त्याच्याशी गाठ पडते ती बहुधा विचार करणाऱ्या ‘मी’विषयीच्या त्याच्या एका सुप्रसिद्ध वाक्यापुरती. त्या वाक्यापर्यंत तो कोणत्या वाटेने पोचला आणि तिथे पोचल्यावर त्याला कोणी अडवले, हा भाग सहसा वगळला जातो. प्रस्तुत लेखात त्याला अडवणाऱ्या एका वाचकाचा, किंबहुना वाचिकेचा, विचार करायचा आहे.

देकार्तच्या आधी माँतेन्यने संशयाला प्रतिष्ठा मिळवून दिली होती. १५८० पासून प्रसिद्ध होत गेलेल्या त्याच्या निबंधांतला ‘मी’ सतत बदलणारा आहे. त्याला मूतखड्याचा त्रास आहे, आवडीनिवडी आहेत, आणि आपल्याला निश्चित काही कळत नाही ह्या जाणिवेसह तो निवांत जगू शकतो. देकार्तला असे जगायचे नव्हते. त्याला संशयाचा उपयोग संशय संपवण्यासाठी करायचा होता. इंद्रिये फसवतात, जागृती आणि स्वप्न ह्यांतला भेद खात्रीने सांगता येत नाही, एखादी समर्थ दुष्ट शक्ती आपल्याला सर्वच बाबतींत चकवत असेल, अशा चढत्या क्रमाने तो सारे काही नाकारत जातो. उरतो तो संशय घेणारा. ह्या संशयकर्त्याला देह आहे की नाही, हे त्या क्षणी त्याला ठाऊक नसते. पुढे सहाव्या चिंतनात तो प्रतिपादन करतो की विचार करणारा आत्मा आणि जागा व्यापणारा देह ही दोन वस्तुतः भिन्न द्रव्ये आहेत.

१६४१ साली पॅरिसमध्ये लॅटिनमधून प्रसिद्ध झालेल्या ‘चिंतने’ ह्या ग्रंथाचे रूप येथे लक्षात घेतले पाहिजे. देकार्तचे शिक्षण जेझुइटांच्या विद्यालयात झाले होते. धार्मिक ध्यानाचे ग्रंथ जसे दिवसांत विभागलेले असतात, तशी येथे सहा चिंतने आहेत. निवेदक एकटा आहे, त्याला कसली घाई नाही. १६३७ च्या ‘पद्धतीविषयीचे विवेचन’ ह्या ग्रंथात देकार्तने सांगितलेच आहे की जर्मनीतल्या एका हिवाळ्यात, शेगडीने उबदार केलेल्या खोलीत, चिंता आणि सोबत दोन्ही नसताना त्याला आपल्या विचारांशी बोलायला सवड मिळाली. ‘चिंतनां’तला ‘मी’ विशुद्ध वाटतो तो काही अंशी ह्या स्वगतरूपामुळे. स्वगतात मध्येच कोणी प्रश्न विचारत नाही.

प्रश्न आला तो मे १६४३ मध्ये, द हेगहून आलेल्या एका पत्रातून. पत्र लिहिणारी एलिझाबेथ तेव्हा चोवीस वर्षांची होती. तिचे वडील पाचवे फ्रेडरिक जेमतेम एक हिवाळा बोहेमियाचे राजे राहिले. नोव्हेंबर १६२० मध्ये प्रागजवळच्या लढाईत त्यांचा पराभव झाला आणि कुटुंबाला हॉलंडमध्ये आश्रय घ्यावा लागला. एलिझाबेथचा प्रश्न साधा होता. एखादी वस्तू हलते ती ढकलली गेल्यामुळे, आणि ढकलायचे तर स्पर्श हवा. आत्म्याला विस्तारच नसेल, तर तो देहाला हालवतो कसा?

देकार्तने उत्तरादाखल वजनाचे उदाहरण दिले. दगडाचे वजन दगडाला खाली नेते असे आपण म्हणतो, तेव्हा एक पृष्ठभाग दुसऱ्यावर आदळतो अशी कल्पना आपण करत नाही. आत्मा आणि देह ह्यांचा संबंध तसाच समजावा. एलिझाबेथने लगेच दाखवून दिले की वजनाची ही कल्पना देकार्तनेच आपल्या भौतिकीत चुकीची ठरवली आहे. अमूर्त वस्तू देहाला हालवते असे मानण्यापेक्षा आत्म्यालाच जडत्व आणि विस्तार देणे आपल्याला सोपे जाईल, असे तिने जूनमध्ये कळवले. देकार्तचे पुढचे उत्तर त्याच्या वाचकाला चकित करणारे आहे. आत्मा आणि देह ह्यांचे ऐक्य चिंतनाने कळत नाही, तर चिंतन बाजूला ठेवून रोजच्या व्यवहारात आणि बोलण्याचालण्यात कळते, असे तो सांगतो. निव्वळ बुद्धीच्या विचारांना आपण वर्षाकाठी फार थोडे तास देतो, अशीही कबुली देतो. एलिझाबेथचे समाधान झाले नाही. आत्मा देहाला हालवतो हे इंद्रिये दाखवतात, पण कसा हालवतो ते दाखवत नाहीत, असे तिने उत्तर दिले.

ह्या वादामागे तिचे स्वतःचे जीवन होते. घराण्याची कामे आणि टाळता न येणारे शिष्टाचार ह्यांमुळे चिंतनाला सवड मिळत नाही, असे तिने लिहिले आहे. सवड ही संशयाची पूर्वअट आहे, हे ‘चिंतनां’च्या निवेदकाला सांगावे लागले नव्हते. १६४५ मध्ये तिला ताप आणि कोरडा खोकला जडला. देकार्तने त्याचे कारण दुःखात शोधले आणि विवेकाने मन दुःखापासून दूर न्यावे असे सुचवले. त्यावर तिचा आक्षेप असा की काही आजार विचारशक्तीच हिरावून घेतात. मग विवेकावर उभे असलेले समाधान कशाच्या आधारावर टिकेल? पुढे तिने भावनांची व्याख्या करण्याची विनंती केली. त्यातून लिहिलेला मसुदा तिने १६४६ मध्ये वाचून त्यावर शंका कळवल्या, आणि १६४९ मध्ये देकार्तचा ‘आत्म्याच्या भावना’ हा अखेरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात लाज, भीती, शोक, धडधडणारे हृदय असलेला माणूस आहे. ‘चिंतनां’तला संशयकर्ता येथे पुन्हा देहात परतला आहे.

असे असूनही तत्त्वज्ञानाच्या इतिहासात एलिझाबेथचा आवाज फार उशिरा ऐकू आला. देकार्तच्या मृत्यूनंतर आपली पत्रे छापण्यास तिने संमती दिली नाही. १६५७ पासून देकार्तची तिला लिहिलेली पत्रे छापून आली. तिची पत्रे फूशे द कारेय ह्यांनी प्रसिद्ध केली ती १८७९ मध्ये. मधली दोनशे बावीस वर्षे वाचकांच्या हाती केवळ उत्तरे होती. ती वाचताना गुरू शिष्येला धीराने समजावतो आहे असे वाटणे स्वाभाविक होते. दोन्ही बाजू शेजारी ठेवल्या की मात्र दिसते, की पत्रव्यवहाराची दिशा अनेकदा तीच ठरवत होती आणि देकार्तला आपली भूमिका पुन्हा पुन्हा मांडावी लागत होती.

येथून साहित्याच्या अभ्यासकाने एक गोष्ट घ्यावी. ‘चिंतने’ आणि ही पत्रे ह्यांत एकाच माणसाचे विचार आहेत, पण स्वगतातला ‘मी’ आणि पत्रातला ‘मी’ एक नाही. पत्रातल्या ‘मी’समोर दुसरी व्यक्ती आहे. ती आजारी पडते, कामात अडकते, आणि उत्तर पटले नाही तर तसे लिहिते. म्हणून सहावे चिंतन वर्गात शिकवताना १६४३ ची मोजकी पत्रे त्याबरोबर वाचायला द्यावीत. देकार्तचा युक्तिवाद त्यामुळे दुबळा ठरेल असे नव्हे. तो कोणत्या प्रश्नापाशी थांबला, हे विद्यार्थ्यांना त्याच्याच उत्तरांतून पाहता येईल.